वीस सोंगट्यांची पिशवी

आधीच सांगून ठेवलेलं बरं, की यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. भुसावळात हेमंत पाठराबे नावाचा सत्तर वर्षांचा एक निवृत्त माणूस दर रविवारी दुपारी एका मेलेल्या बाईला फसवत असे. चांगले आठ महिने फसवलं त्याने तिला. आणि तिला ते एकदाही कळलं नाही, हेच त्याचं दुःख होतं.

नाही ना बसत विश्वास? बसू नये. पण ऐकून तर घ्या.

रविवारची दुपार अशासाठी, की त्या वेळी भुसावळात दुसरं काही करताच येत नाही. मार्च ते जून, बाराला नगरपालिकेचा भोंगा होतो आणि चारच्या भोंग्यापर्यंत घराबाहेर पाऊल टाकायला मनाई. ऊन असं, की दोरीवरचा टॉवेल काढायला जावं तर तो काठीसारखा हातात उभा राहतो. यार्डातून मालगाड्या जातात, पण त्यांचा गार्ड कधीच गेला आणि आता ड्रायव्हरही नसतो. नुसत्या वाघिणींमागून वाघिणी. खिडकीतून हात हलवावा म्हटलं, तर पलीकडून हलवणारं कुणी नाही.

पाठराबे एकटाच राहायचा. चाळीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होता. म्हणजे एका मोठ्या कागदावर आडवी वेळ आणि उभी स्टेशनं मांडून, प्रत्येक गाडीची रेघ ओढत बसायचं; कोणती थांबली, कोणती सुटली, कोण कुणाच्या आड आलं. कागद गेले, संगणक आले, तेव्हा कोऱ्या चार्टांची बाडं रद्दीत निघाली. पाठराब्याने ती सगळी घरी आणली. कशासाठी, ते आता येईल.

अठ्ठ्याण्णव साली डिक्रूझ नावाचे एक गार्ड ऑस्ट्रेलियाला लेकीकडे निघाले आणि त्यांच्या घरची रद्दी बाजारात आली. तीत एक खोकं होतं. आत अर्धं वाळवीने खाल्लेलं नियमांचं इंग्रजी पुस्तक आणि त्रेचाळीस पातळ पुस्तिका. प्रत्येक पुस्तिकेत एक साहस: एखादा नकाशा, एखादा दुष्ट, थोडा खजिना. खेळ असा, की तीन-चार जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतले गडी व्हायचं. समोर दार आलं की सांगणारा विचारणार, काय करता? गडी आपलं डोकं चालवणार. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार.

खोक्यात फासा मात्र नव्हता.

पाठराबे तेव्हा बावीस वर्षांचा. त्याच्याबरोबर लोको शेडमधला फिटर अशफाक तडवी आणि यार्डातली नंबर टेकर चारुलता भिरूड. पाठराब्याच्या आईचा तंबोल्याचा डबा होता, त्यातल्या एक ते वीस आकड्यांच्या लाकडी सोंगट्या त्यांनी एका कापडी पिशवीत टाकल्या. फाशाऐवजी सोंगटी काढायची. मोठा आकडा चांगला, लहान आकडा वाईट. आणि तंबोल्यात निघालेला आकडा पुन्हा डब्यात टाकतं का कुणी? नाही. तो पाटावर लागतो. म्हणून यांचीही निघालेली सोंगटी बाहेरच राहायची, वीसच्या वीस संपेपर्यंत. मग सगळ्या परत आत आणि नवी फेरी.

आपलं चुकलं हे त्यांना वीस वर्षांनी इंटरनेटवर कळलं. सगळ्या जगात फासा दर वेळी नव्याने पडतो. मागे काय पडलं याची त्याला आठवण नसते. यांच्या पिशवीला होती. सुरुवातीला वाईट आकडे निघाले, तर पुढे चांगलेच उरणार. तिघांनी मत टाकलं आणि चूक तशीच ठेवली. चारू म्हणाली होती, की नशीब आठवण ठेवत असेल तरच त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे.

चारूला ती पिशवी कशी सोडवेल? नंबर टेकर म्हणजे उभ्या मालगाडीच्या कडेकडेने चालत प्रत्येक वाघिणीचा लांबलचक नंबर उतरवून घेणारा माणूस. चारू उतरवायची नाही. साठ वाघिणी चालून जायची आणि ऑफिसात येऊन खुर्चीवर बसल्यावर लिहायची. (काही लोक म्हणतात चाळीस. भुसावळात आकडा वाढतो, केळ्यासारखा.) पिशवीत काय उरलंय हे तिला कायम ठाऊक असायचं. वाईट सोंगट्या उरल्या की ती मुद्दाम फालतू कामं काढायची. तिचा गडी म्हणजे कोयरी नावाची कुलूपतोडी. ती रिकाम्या पेटीचं कुलूप उघडायला बसायची, दोन आकडा अंगावर घ्यायची, बोटाला खरचटून घ्यायची. पण पुढे अशफाकच्या शेरू पहिलवानाने दरड चढायला घेतली, की त्याच्या वाट्याला अठरा यायचा. अशफाकला वाटायचं आपला हात शुभ आहे. त्याला कुणी सांगितलं नाही.

पाठराबे गोष्ट सांगणारा. जुन्या टाइमटेबलांच्या पुठ्ठ्यांचा आडोसा उभा करून त्यामागे बसायचा आणि सोंगटी काढून आकडा मोठ्याने सांगायचा. गडी मरायला आला की त्याचा जीव कासावीस व्हायचा आणि तो चारचा सोळा करायचा. मग टेबलापलीकडून, मान वर न करता, शेंगा सोलता सोलता:

"सोळा गेलाय, कंट्रोल."

स्टेशन मास्तर फोनवर त्याला कंट्रोल म्हणत, तेच नाव तिने उचललं होतं. शेचाळीस वर्षांत तिने त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. त्याने लबाडी किती वेळा केली याची मोजदाद नाही, पण तिने पकडली नाही असं एकदाही झालं नाही. त्या दोघांचं लग्न का झालं नाही, असं भुसावळात पुष्कळांनी पुष्कळांना विचारलं. त्या दोघांनी तेवढं एकमेकांना विचारायचं राहून गेलं.

त्रेचाळीस पुस्तिका आठ वर्षांत संपल्या. मग पाठराबे त्याच पुस्तिका उलट्यासुलट्या करून नव्याने घालू लागला. किल्ल्याचं जहाज करायचं, राजाची विधवा करायची, खजिन्याच्या जागी तान्हं बाळ ठेवायचं. सांगाडा जुना, कातडी नवी. आणि कोण कधी काय म्हणालं ते सगळं कंट्रोल चार्टवर. आडवी वेळ, उभी ठिकाणं, निळी रेघ शेरूची, लाल रेघ कोयरीची. पुढे फोनवर आवाजही जमा होऊ लागला.

दोन हजार चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत, एका बुधवारी, चारू झोपेत गेली. आदल्या रविवारचा चार्ट अर्धा राहिला होता. कोयरी एका दारासमोर उभी होती आणि तिचा हात कडीवर होता. सव्वा वर्ष तो कागद टेबलावर तसाच पसरलेला होता. पाठराबे त्याच्या बाजूला ताट ठेवून जेवायचा.

अशफाक नाशिकला मुलीकडे निघून गेला. दोन माणसांत खेळ होत नाही म्हणाला.

*

आता यंत्राचं सांगायला हवं, आणि हे जरा लक्ष देऊन ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

पुण्यातल्या एका लहानशा कंपनीने 'ठसा' नावाची वस्तू काढली होती. पोह्याच्या डब्याएवढी. तिचं तत्त्व सोपं. यंत्राने जगभरातल्या माणसांचं बोलणं पचवून एक सरासरी माणूस बनवला होता. अमुक परिस्थितीत माणसं साधारण काय करतात, हे त्या सरासरी माणसाला पक्कं ठाऊक. आता तुम्ही-आम्ही दिवसातली नव्वद टक्के कामं त्याच्यासारखीच करतो. पाऊस आला की आत पळतो, पोळलं की हात काढतो. उरलेल्या दहा टक्क्यांत आपण त्याच्याहून वेगळे वागतो आणि ते दहा टक्के म्हणजेच आपण. ठशात साठवायचा तो एवढाच फरक. चारूचा ठसा म्हणजे चारू वजा सरासरी माणूस. त्यासाठी तिचे निर्णय हवेत, शेकड्याने नव्हे, हजारांनी; कुठली वेळ, काय पेच आणि तिने काय केलं. असले कागद जगात कुणाकडे असतात? पाठराब्याकडे शेचाळीस वर्षांचे होते. कंपनीच्या लोकांनी ते बाड पाहिलं आणि म्हणे खुर्ची ओढून खाली बसले.

यात दोन अडचणी होत्या. जुना पेच जसाच्या तसा घातला, तर ठसा जुनंच उत्तर शब्दाला शब्द द्यायचा, कॅसेट लावल्यासारखा. आणि पेच अगदीच परका घातला, तर ठशाला त्यात काही ओळखीचं सापडायचं नाही आणि सरासरी माणूस पुढे होऊन बोलायचा. एवढ्यावर भागतं तर ठीक. पण ठसा जे बोलेल ते स्वतःतच जमा करतो. सरासरी माणूस दहादा बोलला, की तोच थोडा थोडा चारू होत जातो. दुधात पाणी पडत जातं, आणि भांडं भरलेलंच दिसतं.

म्हणजे जुनी साहसं नेमकी किती बदलायची, यावर सगळं होतं. आणि ती बदलण्यात भुसावळ जंक्शनमध्ये पाठराब्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पहिल्या रविवारी त्याने डबा चारूच्या जागी ठेवला. आडोशामागे बसला. म्हणाला, कोयरी, तुझा हात कडीवर आहे. डब्यातून तिचा आवाज आला, जरा बसलेला, उन्हाळ्यातला. कडीला आधी तेल घालते, म्हणाली. मग बिजागरीला. आणि पिशवीत एक आणि चार उरलेत, ते दोन्ही इथेच संपवते.

पाठराबे उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ तिथे उभा राहिला.

त्याने अशफाकला फोन केला, ये म्हणाला, फोनवरूनच ये. अशफाकने चहाचं, गुडघ्यांचं, नाशिकच्या हवेचं सगळं बोलून घेतलं आणि मग म्हणाला, "मी त्या डब्याशी खेळणार नाही, हेमंता. ज्या दिवशी तो डबा तुझी चोरी पकडेल, त्या दिवशी मला बोलाव."

पाठराब्याला ते लागलं. पण त्याला वाटलं, त्यात काय मोठं, तो दिवस येईलच.

नवव्या रविवारी कोयरी दरीवरच्या दोरपुलावर होती आणि पिशवीतून एक निघाला. अशा जागी एक म्हणजे मरण. मेलेला गडी परत येत नाही, हा नियम चारूनेच नव्याण्णव साली लिहिला होता, स्वतःच्या अक्षरात, आणि आडोशाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. पाठराब्याने तो वाचला. म्हणाला, "पंधरा." पंधरा त्याच फेरीत अर्ध्या तासापूर्वी निघून गेला होता. तो थांबला. शेंगा सोलण्याचा आवाज यावा तशी वाट पाहत राहिला.

"बरं झालं," डब्यातली चारू म्हणाली. "चला पुढे."

आधी त्याला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं चारच्या भोंग्यापर्यंत टिकलं.

पुढे हे सवयीचंच झालं. कोयरीवर वेळ आली की तो आकडा वाढवायचा आणि पलीकडून 'बरं झालं' यायचं. हळूहळू आणखी काही यायला लागलं. कोयरी कुलूप तोडण्याआधी गोष्टीतल्या सगळ्यांना विचारू लागली, तुम्ही ठीक आहात ना. एकदा म्हणाली, आपण सगळे मिळून यातून मार्ग काढू या. चारूने उभ्या आयुष्यात असलं वाक्य उच्चारलं नव्हतं. मिळून मार्ग काढायचा असता, तर लुडबुड नको म्हणून तिने आधी अशफाकला पायरीवर बसवून ठेवलं असतं.

आठ महिन्यांनी त्याने कंपनीला फोन लावला. शलाका टेकाळे नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या, बोलायला शांत. त्यांनी दोन दिवस रविवारांच्या नोंदी चाळल्या आणि परत फोन केला. आधी त्यांनी त्याच्या प्रकृतीची चौकशी केली. मग विचारलं, की पाठराबेकाका, त्या पिशवीतल्या आकड्यांत तुम्ही काही फेरफार करता का?

पाठराबे म्हणाला, क्वचित.

"काका, एकाच फेरीत पंधरा दोनदा निघाला, अठरा तीनदा निघाला. त्यांना मोजायची सवय होती, हो ना? मोजून काही उपयोग नाही, हे तुम्हीच त्यांना शिकवलंत."

बाईंनी पुढेही सांगितलं, वाईट वाटू न देता. मोजणं ही नुसती एक सवय नव्हती. तिच्या ठशातल्या निम्म्या रेघा त्याच एका खिळ्याला बांधलेल्या होत्या. खिळा सैल झाला, तसं बाकीचं सरासरीकडे ओघळत निघालं. अजून वेळ गेलेली नाही. जिथे ती सवय ठसठशीत दिसते असं एखादं जुनं साहस घ्या, बेताने बदला आणि एकही आकडा खोटा सांगू नका. पाठराब्याने विचारलं, खरे आकडे सांगितले आणि कोयरी मेली तर?

बाई म्हणाल्या, सगळा ठसा कोयरीच्या नावावर आहे. नवा गडी घेऊन त्या खेळतील खऱ्या, पण पाच-सहा रविवारांत आवाज तेवढा त्यांचा राहील.

म्हणजे खोटं बोलावं तर चारू विरघळणार, खरं बोलावं तर एका सोंगटीसरशी जाणार. फोन ठेवून पाठराबे यार्डाकडे बघत बसला. एक गाडी गेली. त्याने वाघिणी मोजायचा प्रयत्न केला आणि तिसाव्याला चुकला.

*

साहस कोणतं घ्यायचं यात प्रश्न नव्हता. चारूने त्याची लबाडी पहिल्यांदा पकडली ते दीपस्तंभाचं.

अठ्ठ्याण्णव साली भुसावळच्या या तिघांपैकी कुणी समुद्र पाहिला नव्हता. पुस्तिकेत लिहिलं होतं, दीपस्तंभ विझलाय, गलबतं अडली आहेत. पाठराब्याने वाचलं आणि त्याला वाटलं, म्हणजे सिग्नल. त्याने तसंच सांगितलं, की समुद्रात लाल दिवा लागलाय आणि मागे तेरा गलबतं एकामागे एक, रांगेत उभी आहेत. चारूने विचारलं, होम सिग्नल की स्टार्टर, म्हणजे आत यायचा की सुटायचा? अशफाक म्हणाला, एखाद्या गलबताने लाल ओलांडलं तर नाखव्याला सस्पेंड करतात का? कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. दीपस्तंभ म्हणजे समुद्रातला सिग्नल, हे पुढे कित्येक वर्षं त्यांचं ठाम मत होतं.

तीन आठवडे पाठराबे चार्ट पसरून बसला. काय ठेवायचं? पायथ्याची विहीर ठेवायची. गोल जिना ठेवायचा. वरचा कठडा आणि कप्पीवरचा दोर ठेवायचा, कारण शेरू तिथूनच लटकला होता आणि तिथेच 'सोळा गेलाय' हे पहिल्यांदा ऐकू आलं होतं. बदलायचं काय? समुद्र काढून टाकला. त्या जागी वाळवंट घातलं आणि गलबतांऐवजी उंटांचे तांडे. विहिरीतलं पाणी काढलं. आणि पुस्तिकेत वरच्या मजल्यावर भूत होतं, त्या जागी त्याने एक म्हातारा रखवालदार बसवला. त्याने चाळीस वर्षं दिवा लालच ठेवलाय. खाली तांडे थांबलेत, त्यांच्यात लग्नं झाली, पोरं झाली. हिरवा केला तर सगळे निघून जातील, म्हणून तो हिरवा करत नाही.

हा रखवालदार कुठून सुचला, याचा पाठराब्याने विचार केला नाही. लिहून झाल्यावर कागद उलटा घालून ठेवला.

मग अशफाकला फोन केला आणि आठ महिन्यांची सगळी लबाडी सांगून टाकली. अशफाक बहुतेक चिडणार होता. मग म्हणाला, शेरूचा कागद माझ्याकडे आहे अजून. एक कोपरा उंदराने खाल्लाय, पण ताकद शाबूत आहे.

*

मे महिन्यातला दुसरा रविवार. बाराचा भोंगा झाला. पाठराब्याने खिडक्यांवर ओलं तरट सोडलं, टेबलाच्या एका बाजूला फोन ठेवला, एका बाजूला डबा. शेंगा ठेवल्या, कुणी सोलणारं नव्हतं तरी. वीसच्या वीस सोंगट्या मोठ्याने मोजून पिशवीत टाकल्या.

"यावर तुमचा विश्वास बसणार नाही," त्याने नेहमीसारखी सुरुवात केली, "पण त्या वाळवंटात एक सिग्नल होता."

अशफाक फोनवर खोकल्यासारखं हसला.

पहिला तास कोरडा गेला. कोयरी सगळ्यांना तहान लागली का विचारत होती. पाठराबे सोंगटी काढायचा, असेल तो आकडा सांगायचा आणि चार्टच्या कडेला खोडायचा. सात. अकरा. पाच. खरं सांगायची सवय मोडली होती; प्रत्येक वेळी तोंडात आकडा जड लागायचा. विहिरीपाशी शेरूने झाकणाची शिळा उचलायला घेतली आणि एकोणीस निघाला. अशफाकने आपल्या हाताची तारीफ केली, जशी तो शेचाळीस वर्षं करत आला होता.

जिन्याच्या मध्यावर एका कोनाड्यात छोटी पेटी होती. पाठराब्याने ती शोभेला ठेवली होती, तिच्यात काही नव्हतं. कोयरी म्हणाली, मी ही उघडते.

पाठराब्याचं बोट पिशवीच्या तोंडाशी थांबलं. आत पाच सोंगट्या होत्या, त्यांतल्या तीन वाईट. चारूने हेच केलं असतं. पण पेटी दिसली की उघडून बघणं, हे कुणीही करतं. त्याने सोंगटी काढली. दोन. बोटाला खरचटलं, म्हणून त्याने सांगितलं. बरं, असं डबा म्हणाला. त्या एका 'बरं'चं काय करावं ते पाठराब्याला कळेना.

वर रखवालदार भेटला. तो बोलायला तयार नव्हता, मग झटापट झाली. वीस निघाला, रखवालदार कोसळला. नऊ निघाला, दिव्याची कळ गंजलेली असल्याने अर्धीच फिरली. चौदा निघाला, दिवा हिरवा झाला, आणि त्याच धक्क्याने कुजलेला कठडा तुटून शेरू बाहेर फेकला गेला. तो कप्पीच्या दोराला लटकला. खाली तांडे उठू लागले होते. घंटा ऐकू येत होत्या.

पाठराब्याने चार्टच्या कडेला पाहिलं. एकोणीस आकडे खोडलेले. एक उरला होता: तीन.

आता पाळी शेरूची. तो दोरावरून वर चढायचा प्रयत्न करणार, सोंगटी निघणार तीन, आणि शेरू खाली. अशफाक सव्वादोन वर्षांनी टेबलाशी आला होता, आणि त्याच दिवशी त्याचा गडी मरणार होता. पाठराबे म्हणणार होता की जरा चहा घेऊ, तेवढ्यात डबा बोलला.

"शेरू, तू हलू नकोस. मी दोराचं दुसरं टोक धरून बाहेर उडी मारते. माझ्या वजनाने तू वर येशील. काढ सोंगटी."

पाठराब्याने नियम सांगितला, कारण सांगायचा असतो: शेरू वर येईल हे नक्की. कोयरीला जाता जाता खालच्या सज्ज्याला हात घालावा लागेल. दहा किंवा वर निघाला तर सज्जा हाती लागेल. खाली निघाला तर नाही.

"कळलं," डबा म्हणाला. "काढ."

मित्रासाठी उडी मारायला सरासरी माणूसही तयार होतो. किंबहुना तोच आधी होतो, कारण आत काय उरलंय हे त्याला माहीत नसतं. दहाच्या वर काहीतरी येईल, अशा भरवशावर तो उडी मारतो. पाठराबे आडोशामागे बसून डब्याकडे बघत होता. एक पत्र्याचा डबा, त्याच्यावर एक हिरवा ठिपका. एकही आकडा खोटा सांगणार नाही, असं त्याने शलाकाबाईंना कबूल केलं होतं. आडोशाच्या आतल्या बाजूला चारूचं अक्षर होतं, शाई पिवळी पडलेली.

त्याने पिशवीत हात घातला. एकच सोंगटी, गुळगुळीत, आईच्या डब्यातली. बाहेर काढली. तीन.

बाहेर एक मालगाडी चालली होती, लांबच लांब. खिडकीची काच थरथरत होती. ती जाईपर्यंत तो थांबला. मग त्याने सोंगटी मुठीत मिटली आणि म्हणाला,

"एकोणीस."

फोनवर अशफाकने सोडलेला श्वास खोलीभर ऐकू आला. वाचली, तो म्हणाला, वाचली रे.

डबा गप्प होता. नेहमीचं 'बरं झालं' यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा गेला, मग त्याच्या दुप्पट गेला. पाठराब्याने मूठ आणखी घट्ट केली.

"एकोणीस विहिरीपाशीच निघालाय, कंट्रोल," चारू म्हणाली. "तीन उरलाय. म्हणून तर उडी मी मारली."